मुंबईच्या समुद्रात पाणी 28-30 अंश असूनही प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, मजेत जगतात. मग आर्क्टिकचं पाणी दोन-तीन अंशांनी तापलं तर तिथल्या प्लवकांचं बिघडतं कुठे?

मी कॉलेजात झूलॉजी शिकवते. दर वर्षी वर्गातून हा प्रश्न येतोच, आणि तो मुळीच वेडगळ नाही.

एमएस्सीला असताना आम्ही वर्सोव्याहून होडीने जाऊन प्लवकजाळी ओढायचो. जाळीत यायचे बारीक कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे इवलेसे दूरचे नातेवाईक, बरेचसे मिलिमीटरभराहूनही लहान. त्यांना बारा महिने खायला मिळतं, त्यामुळे काही आठवड्यांत अख्खी पिढी उरकते. साठवून ठेवायची गरजच नाही.

आर्क्टिकमध्ये खरी अडचण थंडीची नाही, अंधाराची. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. उजेड नाही म्हणजे वनस्पतिप्लवक नाहीत, म्हणजे कोपेपॉडला खाणं नाही. तेव्हा तिथला कॅलॅनस नावाचा कोपेपॉड चक्क आगोट भरतो. आपण पावसाळ्याआधी सोडे, जवळा, सुके बोंबील डब्यांत भरून ठेवतो. तो मेणासारखी चरबी अंगातल्याच पिशवीत भरतो, कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. मग खोल पाण्यात उतरून पडून राहतो. खाणं बंद, श्वसन मंद. यालाच डायापॉज म्हणतात.

आता तुमचे दोन-तीन अंश. थंड पाण्यातला कॅलॅनस ग्लेशियालिस वसंतात बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळावर ताव मारून अंडी घालतो. उत्तर स्वालबार्डच्या एका फ्योर्डमध्ये (डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीत) हे शेवाळ एप्रिलअखेर बहरतं आणि मोकळ्या पाण्यातले वनस्पतिप्लवक त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी. तेवढ्या अवधीत पिल्लं खाण्याजोगी मोठी होतात. बर्फ लवकर वितळला की दुसरा बहर अलीकडे सरकतो, आणि पिल्लं पंगत उठल्यावर पोचतात. शिवाय पाणी साधारण 5-6 अंशांच्या वर गेलं की श्वसनाचा खर्च वाढतो, आणि चरबीसाठी शिल्लक कमी पडते.

कॅलॅनस फिनमार्किकस ही दुसरी प्रजाती अटलांटिकच्या कोमट प्रवाहांबरोबर उत्तरेकडे येते. हा फिनमार्किकस मुद्दाम कुणाला हुसकावत नाही. पूर्वी पाणी इतकं थंड आणि उन्हाळा इतका आखूड असे की त्याची वाढ पुरी व्हायच्या आत हंगाम संपायचा. आता त्याला वर्षात एक पिढी निभावता येते. ग्लेशियालिसला एक किंवा दोन वर्षं लागतात. तिसरा, सगळ्यांत मोठा हायपरबोरिअस, साठवलेल्या चरबीवरच हिवाळ्यात अंडी घालतो. त्याचं गणित वेगळं, इथे सोडून देते.

‘एकाच्या जागी दुसरा आला तर काय फरक पडतो?’ असं मुलं विचारतात. लिटल ऑक या पक्ष्याला पडतो. तो गळ्याखालच्या पिशवीत कॅलॅनस भरून पिल्लाकडे नेतो, आणि फिनमार्किकस सहसा लहान, चरबीही कमी. तेवढ्याच पोषणासाठी जास्त नग पकडावे लागतात. पण इथे मी थोडी सावध राहते. दोन्ही प्रजातींची लांबी एकमेकांत मिसळते. बरीच वर्षं त्यांना लांबीवरूनच ओळखलं जायचं, आणि जनुकीय तपासणीनंतर त्यातल्या अनेक ओळखी चुकीच्या निघाल्या. पिढी लवकर उरकणारी प्रजाती एकूण चरबी तितकीच तयार करेलही. तरी पक्ष्याला चरबी टनांत मिळत नाही, एकेक कोपेपॉड टिपूनच पिशवी भरावी लागते.