भिरंडाचं जाळं, वैद्यांचा काढा

प्रश्न : भिरंडावर (कोकमावर) प्रबंध करते आहे. नेटवर्क काढलं तर मधोमध एकेटी-१, टीएनएफ आणि आयएल-६ ही प्रथिनं आली. भिरंड मधुमेहात यांच्यावरच काम करतं, असं लिहू का? (विद्यार्थिनी, ताळगाव)

उत्तर : इतक्यात नको. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. वनस्पतीतली रसायनं घ्यायची, प्रत्येक रसायन शरीरातल्या कोणकोणत्या प्रथिनांना चिकटू शकेल याचा अंदाज संगणकाकडून घ्यायचा, आणि त्यातली रोगाशी संबंधित प्रथिनं जोडून जाळं विणायचं. अँड्र्यू हॉपकिन्स यांनी २००७ साली याला नेटवर्क फार्माकॉलॉजी म्हटलं.

आता तुमची तीन प्रथिनं. भिरंड घ्या, तुळस घ्या, हळद घ्या, हीच तिघं पुन्हा पुन्हा मधोमध येऊन बसतात, कारण त्यांच्यावर अफाट संशोधन झालंय आणि माहितीसाठ्यांत त्यांचेच धागे जास्त आहेत. तेवढ्याच संख्येची कुठलीही रसायनं दरवेळी नव्याने उचला आणि तसंच जाळं हजारदा काढून बघा. तरीही हीच तिघं वर आली, तर ते भिरंडाचं वैशिष्ट्य नव्हे.

दुसरं, रसायनांची यादी कुठल्या अर्कावरून घेतली? सोलं, म्हणजे भिरंडाच्या सुकवलेल्या साली, पाण्यात भिजवली की पाणी लालभडक होतं. तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. भिरंडातलं गार्सिनॉल हे रसायन मात्र तेलकट स्वभावाचं, पाण्यात सहज उतरत नाही. प्रबंध सोलांच्या पाण्यावर असेल, तर गार्सिनॉलचे धागे यादीतून काढा. अल्कोहोलसारख्या द्रावकात काढलेल्या अर्कावर असेल, तर ते ठेवा आणि नीट तपासा : बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली गार्सिनॉल पी-३०० या एन्झाइमला अडवतं, हे प्रत्यक्ष प्रयोगात दाखवलंय. असा एक धागा संगणकाच्या शंभर धाग्यांपेक्षा मला मोलाचा वाटतो.

प्रश्न : भिरंडाने चरबी जळते हे म्हणे संगणकाने सिद्ध केलंय. यजमानांची शुगरची गोळी बंद करून भिरंडाच्या कॅप्सूल देऊ का? (गृहिणी, पेडणे)

उत्तर : नाही, ताई, गोळी बंद करू नका. भिरंडातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल चरबी तयार करणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं, हे खरंच आहे. परीक्षानळीत ते पन्नास वर्षांपूर्वीच दिसलं. पण भिरंडाच्या भावकीतल्या मलबार चिंचेचं हेच आम्ल १९९८च्या एका चाचणीत १३५ जाड्या माणसांवर तपासलं. रोज १५०० मिलिग्रॅम, बारा आठवडे. त्यातल्या नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा आम्ल घेणाऱ्यांचं वजन काही जास्त उतरलं नाही. शिवाय त्या फळाच्या कॅप्सूल घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जेवणात सोलकढी खुशाल घ्या. कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : आमच्या काढ्यात पाच वनस्पती पडतात. तुमच्या संगणकाला काढा कळतो का? (वैद्य, सत्तरी)

उत्तर : वैद्यबुवा, एकट्या संगणकाला कळत नाही, आणि म्हणूनच तुमची गरज आहे. सोळा पट पाणी घालून अष्टमांश उरवला की काय उरतं आणि काय उडून जातं, हे माहितीसाठ्यात नसतं. तुम्ही करता तसाच काढा करून त्यात काय आहे ते यंत्राने मोजायचं, प्यायल्यावर रक्तात काय पोचतं ते पाहायचं, आणि फक्त तेवढ्यावर जाळं विणायचं. एका रसायनाने एकच प्रथिन गाठायचं, या हिशेबात पाच वनस्पतींचा काढा बसत नाही. जाळ्यात त्याला जागा आहे. म्हणून मी या पद्धतीत मनापासून गुंतले आहे. काढ्याची कृती मात्र तुमच्या नावानिशी नोंदवल्याखेरीज कुणाला देऊ नका.

प्रश्न : हे जाळं काढायला शिकायचं तर खर्च किती? (फोंडा)

उत्तर : साधा लॅपटॉप आणि इंटरनेट पुरे. जाळं काढायचं सायटोस्केप हे सॉफ्टवेअर आणि प्रथिनांच्या जोडण्यांचा स्ट्रिंग हा माहितीसाठा, दोन्ही फुकट आहेत. चेन्नईच्या गणित संस्थेच्या इम्पॅट या माहितीसाठ्यात चार हजारांवर भारतीय वनस्पती आहेत. शोधताना लॅटिन नावच टाका. ‘अमृता’ म्हणजे काहींना गुळवेल, तर काहींना नरक्या, आणि नरक्यात कॅम्प्टोथेसिन आहे, ज्यापासून कर्करोगाची औषधं बनतात.