सागवान राहू द्या, आधी वजनकाटा आणा

नानांना विचारा : सुतारकामाचं सदर

प्रश्न : नाना, नमस्कार. मी भुसावळला रेल्वेत आहे. मुलगी चौदा वर्षांची. मुंबईला मामाकडे गेली असताना शिडाची होडी चालवायला शिकली आणि आता घरात दुसरा विषय नाही. दोघांनी चालवायची ‘मिरर’ जातीची शर्यतीची होडी घरीच बांधायची ठरवली आहे. गावी आजोबांचं धाब्याचं घर पाडलं, त्याचे सागाचे खांब नि सऱ्या पडून आहेत. त्यातून होडी निघेल का? बाकीच्या सामानाची यादी द्या, एकदाच जळगावला जाऊन सगळं घेऊन येतो.
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : एकदाच जाऊन सगळं आणू नका. सगळ्यात आधी नकाशे हातात येऊ द्या. कुठली फळी किती जाडीची, किती लांबीची, हे त्यातच असतं आणि शर्यतीच्या होडीत त्या आकड्यांशी खेळता येत नाही. होडी मोजून पाहतात, मगच तिला शर्यतीत घेतात.

आता सागाचं. आपल्याकडे चांगलं लाकूड म्हटलं की सागच. बंगई असो की देव्हारा, साग पाहिजे. होडीत मात्र आधी वजन विचारायचं. मिरर ही 1962 साली लंडनच्या ‘डेली मिरर’ वर्तमानपत्राने पुढे आणलेली होडी. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल या दोघांनी ती आखली, तीच मुळी घरच्या घरी बांधता यावी म्हणून. लांबी 3.30 मीटर, आणि काठ्या-शीड सोडून नुसत्या होडीचं वजन साडेपंचेचाळीस किलो. म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा हलकी! होडी हलकी भरली तर वरून वजन जोडून भरती करता येते. जड भरली तर तुमच्या पोरीने कितीही छान शीड ओढलं तरी ती मागेच राहणार.

साग घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, चांगलं पाइन साडेचारशे ते पाचशे. म्हणून काठाच्या पट्ट्या आणि आतल्या सऱ्या पाइनच्या करा. लाकूड बाजारात आयात पाइन मिळतं. गाठी नसलेलं, सरळ रेषेचं निवडून घ्या. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. डोलकाठीसाठी लांब लाकूड शोधत फिरायचं कारण नाही. मिररचं मूळ शीड गंटर पद्धतीचं, म्हणजे आखूड डोलकाठीवर दुसरी काठी वर सरकवायची. सगळ्या काठ्या होडीच्या आत मावतात.

आजोबांचा साग वाया घालवू नका. सुकाणूचा दांडा, तळाला घासणारी पट्टी, दोरी बांधायच्या खुंट्या, एवढ्याला तो उत्तम. चिरायला देण्याआधी प्रत्येक सरीवरून लोहचुंबक फिरवा. जुन्या घराच्या लाकडात खिळे मोडून आत राहिलेले असतात आणि आरा मशीनवाला पात्याचे पैसे तुमच्याकडूनच घेणार.

खरा पैसा प्लायवुडमध्ये घाला. फळीवर आयएसआय चिन्हाखाली आयएस 710 लिहिलेलं पाहिजे. ते मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं. आयएस 303 कपाटाला ठीक, होडीला नाही. पण शिक्क्यावर मी कधी भागवत नाही. फळीची कड उजेडात धरा. मधल्या थरात पोकळी दिसली तर ती फळी परत करा. मग हातभर तुकडा मागून घ्या, चुलीवर दिवसभर उकळा, वाळवा, परत उकळा. 710 च्या चाचणीत 72 तास उकळतात, तुम्ही निम्मं केलं तरी दुकानदाराचं खरं-खोटं कळेल. थर सुटले नाहीत तर माल घ्या.

यातही वजन आहेच. आपल्याकडचं मरीन प्लाय बहुधा गर्जन नावाच्या जड लाकडाचं. आठ बाय चारची 6 मिलिमीटर फळी तेरा किलोच्या पुढे जाते. ओकूमे नावाच्या आफ्रिकी लाकडाची तेवढीच फळी नऊ किलोच्या आसपास भरते. फळीमागे चार किलोंचा फरक! ओकूमे महाग आहे आणि त्याची चौकशी मुंबई-पुण्याला करावी लागेल. मला विचाराल तर शिडात नि पितळी सामानात काटकसर करा, इथे करू नका. दुकानात जाताना लटकवायचा वजनकाटा सोबत न्या. एकाच थप्पीतल्या दोन फळ्यांतही फरक निघतो.

जोडकामाचं सामान मात्र आपल्या जिल्ह्यातच आहे. मिररच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवतात. कडेला भोकं पाडायची, तार ओवून पिळायची, आतून सांध्यावर इपॉक्सी (दोन भाग मिसळले की आवळणारं रेझिन) आणि काचेच्या कापडाची पट्टी बसवायची, मग तार कापायची. ही तार पंपाच्या मोटारी भरणाऱ्या वायंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. 18 गेज मागा. शिकंजे विकत घेऊ नका, एका होडीला ढिगाने लागतात. जळगाव पाइपांचं गाव. चार इंची पीव्हीसी पाइपाचा भंगारातला तुकडा आणा, दोन बोटं रुंदीच्या चकत्या करा आणि प्रत्येक चकतीला एका जागी उभी चीर द्या. ताणून काठावर बसवली की घट्ट पकडते. स्क्रू पितळी किंवा 304 स्टेनलेसचे. गोड्या पाण्याला तेवढे पुरतात. लोखंडी नकोत.

इपॉक्सी सगळ्यात शेवटी आणा आणि दिवाळीनंतरच उघडा. तापमान दहा अंशांनी वाढलं की ते साधारण दुप्पट वेगाने आवळतं. आपल्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, वाटीतलं मिश्रण ब्रश बुडवेपर्यंत तापून दगड होईल. पावसाळ्यात दमट हवेने वर चिकट थर येतो, तो धुतल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. मिश्रण थोडं थोडं करा, पसरट ताटलीत ठेवा. हातमोजे घालाच, अंगावर पुरळ उठतं.

प्रश्न : इपॉक्सीऐवजी टाक्या बनवणाऱ्यांचं स्वस्त पॉलिस्टर रेझिन चालेल का? (शहादा)

उत्तर : फायबरच्या होडीला चालतं. लाकडाला ते नीट धरत नाही, काही हंगामांत पापुद्रा सुटतो आणि आत पाणी मुरतं. नको.

प्रश्न : आपल्याकडे कापूस पिकतो, मग शीड सुती कापडाचं का नको? (चाळीसगाव)

उत्तर : पूर्वी सुतीच असायचं. पण सूत ताणतं, भिजलं की आकार बदलतो, ओलं ठेवलं की कुजतं. आता पॉलिस्टरचं कापड वापरतात. शर्यतीचं शीड घरी शिवू नका, तेही मोजलं जातं. सरावाला ताडपत्रीचं चालेल. शीड चढवायची दोरी मात्र नायलॉनची नको, ती लांबते. पॉलिस्टरची घ्या.

प्रश्न : हतनूरला होडी सोडता येईल का? (मुक्ताईनगर)

उत्तर : जलसंपदा विभागाची लेखी परवानगी काढा, मगच. धरणात गाळ फार आहे, तेव्हा तळातून पाण्यात उतरणारी मधली फळी वर ओढता येईल अशी ठेवा. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, त्यांच्या थव्यांपासून लांब राहा. पावसाळ्यात एक्केचाळीस दरवाजांपैकी कुठलाही कधीही उघडतो. त्या चार महिन्यांत होडी घरात उलटी ठेवून तिला वॉर्निश मारा.