लग्नाची वेढणी आणि कॉलेजची फी

"मॅडम, पोरीच्या लग्नाला साठवलेलं आत्ताच शिक्षणाला घातलं, तर लग्नाच्या वेळी कुणाच्या दारात जायचं?"

मी समुपदेशक आहे. सीईटीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की माझ्याकडे येणारी कुणी ना कुणी आई हे विचारतेच. वडील सहसा विचारत नाहीत, ते ठरवून आलेले असतात. हा प्रश्न घेऊन आलेलं एक साताऱ्याकडचं कुटुंब सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आई शिवणकाम करते, धाकटा मुलगा नववीत. मुलीला कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं होतं आणि जागा पक्की करायला तीन दिवस उरले होते. वडिलांचं म्हणणं, घरी राहून बीएस्सी कर. दोन दिवस मुलगी धड जेवली नव्हती. मला सांगण्यात आलं ते असं: "हिला जरा समजवा."

मी समजावलं नाही. आधी फीचा कागद मागितला. वडिलांनी खिशातून घडी काढली. त्यावर पेन्सिलीने वर्षाची फी, त्याची चारपट, खाली दोन रेघा. एवढ्या आकड्याने कुणाचाही धीर सुटेल. पण ती मुलगी ओबीसी प्रवर्गातली होती आणि घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आतलं. 2024-25 पासून ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातल्या अशा मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. मुख्य अट ही की प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मग महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. माझी मनापासून विनंती आहे, मुलीला नाही म्हणण्याआधी निदान एकदा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा.

उरलं राहणं-खाणं, लॅपटॉप, पुस्तकं, येणं-जाणं. आम्ही चौघांनी वहीत मांडलं, चार वर्षांचे पाचेक लाख झाले.

तेव्हा आईने पिशवीतून एक छोटा बटवा काढला. दर दिवाळीला भिशी फुटली की सोन्याचं एक वेढणं, म्हणजे साधं वळं, असं मुलीच्या जन्मापासून चाललेलं. प्रत्येक वेढणं सराफाच्या गुलाबी कागदात, आणि कागदावर बॉलपेनने साल. 2008, 2011, मधली दोन वर्षं नाहीत. "तेव्हा ह्यांचा पगार थकला होता," ती म्हणाली. ती एकेक कागद उलगडून टेबलावर ठेवत होती आणि मुलगी बघत राहिली. तिने हे आधी कधी पाहिलंच नव्हतं.

मी मुलीला विचारलं, हे कुणाचं आहे? ती म्हणाली, "माझ्या लग्नाचं." म्हणजे तुझं ना? ती गप्प.

वडील मात्र बोलले. बहिणीच्या लग्नात चारशे पानं उठली, पाहुण्यांचे मानपान झाले. त्यापायी सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज झालं, आणि डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला यांनी कॉलेज सोडलं. कर्ज फिटायला नऊ वर्षं लागली. "आणि अजून भावकीत काय बोलतात माहितीये? शेवटच्या पंगतीला मठ्ठा पुरला नाही." एवढं बोलून ते खिडकीकडे बघत बसले. मीही काही बोलले नाही. काही वेळा समुपदेशकाने तोंड मिटून बसावं.

मुलीने मग विचारलं, "पप्पा, तुम्ही सोडलं नसतं तर?" त्यांनी उत्तर दिलं नाही. पण वही पुढे ओढली.

त्या दिवशी दोन गोष्टींना मी ठाम नाही म्हटलं. वडील प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम काढायला निघाले होते. तो हात लावायचा पैसा नाही. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला कुणी देत नाही, आणि आज फंड रिकामा केला तर पंधरा वर्षांनी तो बोजा याच मुलांच्या डोक्यावर येतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. कर्ज मुलीच्या नावावर असतं, वडील सहकर्जदार. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र आधीपासून चढतं, म्हणून जमेल तसं ते भरत राहिलेलं बरं. मुलीच्या नावावर कर्ज कशाला, असं वडिलांना वाटत होतं. मी म्हटलं, लग्नाचं कर्ज तुमच्या नावावर होतं, त्यातून तुमच्या हाती काय आलं?

दुसरं नाही मी मुलीला म्हटलं. भारावून ती म्हणाली, "नोकरी लागली की भावाचं सगळं मी करते." अठराव्या वर्षी मुलीकडून असं वचन घेऊ नये. तिने आनंदाने दिलं तरी घेऊ नये. शिक्षण उसनं दिल्यासारखं दिलं, की मूल परीक्षेत एकदा नापास झालं तरी स्वतःला चोर समजायला लागतं. अशी मुलं मी या खोलीत रडताना पाहिली आहेत.

शेवटी ठरलं असं: तीन लाखांचं कर्ज, बाकी महिन्याच्या पगारातून, आणि पहिल्या वर्षासाठी चार वेढणी मोडायची. आईने बराच वेळ लावून चार निवडली. 2008 चं ठेवलं. "हे पहिलं आहे," म्हणाली. सराफाकडे मुलीलाच घेऊन जा, असं मी सुचवलं. आपल्या शिक्षणात कोणत्या सालची कोणती दिवाळी गेली, हे तिला कळलेलं बरं.

धाकट्याचा प्रश्न सुटलेला नाही. त्याला फीमाफीची ही सवलत मिळणार नाही, त्याच्यासाठी वेगळा हिशेब मांडावा लागेल, आणि तो नववीत असतानाच त्याला शेजारी बसवून मांडा, असं सांगून मी त्यांना पाठवलं.

डिसेंबरात आईचा फोन आला. मुलीचं पहिलं सत्र संपत आलं होतं. लग्नासाठीची पोस्टातली आरडी वडिलांनी बंद केलेली नाही, पण नवीन कोणतीही काढली नाही. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही.

"संक्रांतीला येतील त्या," आई म्हणाली. "तेव्हा ह्यांनाच सांगू दे."