वर्गणी काढण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागातल्या त्या आजींच्या घरासाठी मंडळातर्फे वर्गणी काढून गणपतीच्या आत घर नीट करून द्यायचं, असं तू लिहिलंस. तुझी तळमळ मला कळते. तरी एक विनंती: आजींना अजून शब्द देऊ नकोस.

पुढच्या वेळी गेलास की दारावरची ती तिरकी भेग बघ. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची भिंत तिच्याबरोबर ओढली जाते. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटव आणि शेजारी तारीख लिही. काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. मग ते काम इंजिनिअरचं, आपल्या श्रमदानाचं नाही. पोरं उत्साहाने सिमेंटचा गिलावा मारायला धावतील, त्यांना थांबव. मातीत रचलेल्या भिंतीला सिमेंट फासलं की ओल आत कोंडते आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोकं कुजतात. बाहेरून घर चांगलं दिसतं आणि माणसं निर्धास्त होऊन त्याखाली झोपतात. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

मंडळाच्या हातात आहे ते पाणी अडवणं. फुटलेले कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, बदला, पन्हळ लावा, जोत्याशी साचणारं पाणी वाट काढून लांब न्या, भिंतीतलं पिंपळाचं रोप मुळासकट काढा. एवढं मनापासून केलंत तरी आजींचा पावसाळा सुसह्य होईल.

आता खरी अडचण. घर कोणाच्या नावावर आहे, विचारलंस का? अशा घरांत बहुधा सासऱ्यांचं नाव अजून तसंच असतं आणि वारस चार गावी पांगलेले असतात. बँक दुरुस्तीसाठी कर्ज देते, पण आधी मालकीचे कागद मागते, आणि पेन्शनवर जगणाऱ्या बाईला हप्ता झेपेल का हेही बघते. सरकारी योजनेचं म्हणशील, तर 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख होते, पण ते नव्या घराला किंवा घर वाढवायला, नुसत्या डागडुजीला नव्हे. 2024 पासूनचा तिचा दुसरा टप्पा तर देशात कुठेही पक्कं घर नसलेल्यांसाठीच. म्हणजे कागदावर घर आहे म्हणून मदत नाही आणि हातात पैसा नाही म्हणून दुरुस्ती नाही. आपल्या समाजातली कितीतरी म्हातारी माणसं अशी अडकली आहेत. जन्मभर घरमालक म्हणून वावरल्यामुळे मागायलाही त्यांची जीभ रेटत नाही. म्हणून मदत देतानाचे फोटो नकोत, ग्रुपवर नाव नको.

वर्गणीपेक्षा आधी नामांतरणाच्या, म्हणजे महापालिकेच्या दप्तरी घर वारसांच्या नावावर चढवण्याच्या, मागे लाग. त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण पुढच्या प्रत्येक खिडकीवर त्याचा उपयोग होतो. महापालिकेच्या झोन ऑफिसच्या खेपा आजींच्याने होणार नाहीत, तुझ्याने होतील. आणि वारसांची लेखी संमती घे. आज छदाम न देणारे पुतणे उद्या हिश्शाला उभे राहतात, आणि लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेला पैसा त्यांच्या वाटणीत जातो.

भाऊबंदकी मिटवणं मात्र मंडळाच्या आवाक्यातलं नाही. त्यात पडू नकोस.

इंजिनिअरने घर राहण्याजोगं नाही म्हटलं, तर दुरुस्तीला एक रुपयाही लावायचा नाही. महापालिका मध्य प्रदेशच्या 1956 च्या महापालिका अधिनियमातल्या कलम 310 खाली धोकादायक घर रिकामं करायला, पाडायला लावू शकते. तेव्हा वर्गणी आजींच्या भाड्याच्या खोलीला द्या. त्याच गल्लीत बाहेरची खोली, तळमजल्यावर, देवघर मावेल अशी. मंडळाला हे पटवणं जड जाईल, कारण भाड्याच्या खोलीवर देणगीदारांची पाटी लावता येत नाही. तरी पटव.

आजींना सरळ सांग, ‘छप्पर आम्ही बघतो, कागदांसाठी मी येतो, भिंतीचं इंजिनिअर सांगतील ते, आणि तो खर्च आमच्या ताकदीबाहेर असू शकतो.’ त्या रडल्या तर थोडा वेळ बसून राहा, पण त्या भरात आकडा कबूल करू नकोस.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त इंजिनिअर घर बघायला तयार आहेत. शनिवारी सकाळी त्यांना घेऊन येतो. घराची जुनी रजिस्ट्री (खरेदीखत), संपत्तीकराची शेवटची पावती आणि आजोबांचा मृत्यू दाखला काढून ठेवायला सांग.

तुझा,
काका