आधी वकिली, मग निवडणूक

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. मुलगी अकरावीत आहे, शाळेच्या डिबेट टीममध्ये आहे. वकील होऊन टेक्ससच्या विधिमंडळात जायचं म्हणते. आम्ही दोघं इंजिनिअर. यात पोट भरेल का? – एक आई

उत्तर : ताई, नुसत्या आमदारकीवर पोट भरणार नाही. टेक्ससमध्ये आमदाराला महिन्याला ६०० डॉलर पगार, वर अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता. नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवसांचं. म्हणून पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा लागतो आणि वकिली त्यात चांगली बसते.

तुमच्याच शहरातल्या बार्बरा जॉर्डन यांच्याबद्दल लेकीसोबत जरूर वाचा. फिफ्थ वॉर्डातल्या गरीब वस्तीत १९३६ साली जन्म. त्याही कॉलेजात वादविवाद गाजवायच्या. १९५९ मध्ये बोस्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि ह्यूस्टनला येऊन आईवडिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर वकिली मांडली. १९६२ आणि १९६४, टेक्सस हाऊसच्या म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाच्या दोन्ही निवडणुका हरल्या. तेव्हा ह्यूस्टनच्या अख्ख्या हॅरिस काउंटीतून (जिल्ह्यातून) मतं मिळवावी लागत. त्यात कृष्णवर्णीयांची मतं बुडून जात. न्यायालयाच्या निकालानंतर मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि १९६६ मध्ये त्या टेक्सस सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहावर निवडून आल्या. १८८३ नंतर तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य! पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये गेल्या. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या चौकशीच्या वेळी त्यांनी राज्यघटनेवर केलेलं भाषण मी मुलांना आवर्जून ऐकायला सांगते.

दोनदा हरल्यावरही उभं राहता आलं, कारण हातात वकिली होती. तुमच्या मुलीसाठी मला हेच मोलाचं वाटतं.

आता मार्ग. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, तीन वर्षांची जेडी म्हणजे कायद्याची पदवी आणि शेवटी वकिलीच्या परवान्यासाठी बारची परीक्षा. खर्च मोठा आहे, त्यामुळे राज्यातल्या सरकारी विद्यापीठांची फी आधी पाहा, रहिवाशांना ती कमी असते. टेक्सस हाऊसला एकविसाव्या वर्षी उभं राहता येतं, सिनेटला सव्विसाव्या. मी घाई करू देणार नाही.

पुढचं अधिवेशन विषम वर्षाच्या जानेवारीत भरेल. तिला एक दिवस राजधानी ऑस्टिनला घेऊन जा आणि प्रेक्षक गॅलरीत बसवा. एखाद्या विधेयकावर बोलावंसं वाटलं, तर समितीच्या सुनावणीत नाव नोंदवून सामान्य नागरिकालाही बोलता येतं. तुम्हीही सोबत बसा.