दोन गुडघे, एक पॅकेज आणि निवृत्तीची पुंजी

प्रश्न: माझे वय 57. दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलायला सांगितले आहेत. इथल्या खासगी रुग्णालयाने दिलेला आकडा ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो. परदेशातले एक पॅकेज त्याच्या निम्म्याहून कमी आहे आणि जागा राखून ठेवायला एजंट आगाऊ रक्कम मागतो आहे. यजमान 3 वर्षांनी निवृत्त होतील. हाताशी थोडी शिल्लक आहे. कमी पडले तर निवृत्तीची गुंतवणूक मोडावी का? पॉलिसीची प्रत जोडली आहे. खरे आकडे छापू नयेत.

उत्तर: ठीक आहे, खरे आकडे नकोत. इथल्या रुग्णालयाचा खर्च 100 मानू आणि बाकी सगळे त्या मापाने मोजू. तुमच्या कागदांवरून पॅकेज 42 होते, हाताशी शिल्लक 65 आहे.

आधी एक कबूल करतो. परदेशातला स्वस्तपणा खोटा नाही. थायलंड, तुर्कस्तान अशा देशांत पगार, जागा, सगळेच स्वस्त आहे, आणि तिथले चांगले सर्जन कुठल्याही चांगल्या सर्जनच्या तोडीचे आहेत. तुम्ही दातांचे विचारले असते तर मी बहुधा ‘खुशाल जा’ म्हटले असते. हंगेरीतले सोप्रोन किंवा मेक्सिकोतले लॉस अल्गोडोनेस ही सीमेवरची गावे शेजारच्या देशांतून येणाऱ्या दातांच्या रुग्णांसाठीच ओळखली जातात. माणसे सकाळी जातात, संध्याकाळी घरी. गुडघ्याचे तसे नाही. ऑपरेशन हा त्यातला छोटा भाग, पुढचे 3 महिने हा मोठा.

म्हणून 42 वर थांबू नका. दोघांचे विमानभाडे, त्यात येताना पाय लांब करता येईल अशी जागा, धरून 7. तिथे 5 आठवडे राहणे-जेवण 8. एजंट ‘दहाव्या दिवशी घरी’ म्हणतो, पण गुडघा बदलल्यावर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कित्येक आठवडे राहतो आणि लांबचा विमानप्रवास तो वाढवतो. तेव्हा दहावा दिवस विसरा. यजमानांची बिनपगारी रजा 6. परतल्यावर फिजिओथेरपी 5. औषधे, तपासण्या 2. झाले 70. इथेही फिजिओथेरपीचे 5 आणि रजेचे 2 आहेतच, म्हणजे 107. तुम्हाला 58 वाचतील असे वाटत होते, वाचतात 37.

तरी 37 म्हणजे थोडे नाहीत, आणि इथेच बहुतेक जण तिकीट काढतात. पण पॅकेजची किंमत ही सगळे सुरळीत झाले तरची किंमत असते. बदललेल्या गुडघ्यात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण साधारण शंभरात 1 ते 2. कमीच आहे. मात्र तुमचे गुडघे दोन, आणि संसर्ग खोल गेला तर सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. ते पहिल्या ऑपरेशनपेक्षा महाग पडते. पॅकेजमध्ये ‘पुन्हा ऑपरेशन मोफत’ लिहिलेय, मी वाचले. तापाने फणफणलेल्या माणसाने विमानात कसे बसायचे ते लिहिलेले नाही. 2023 मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोसला सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी गेलेल्या अमेरिकी रुग्णांना पाठीतून दिलेल्या भुलीवाटे बुरशीजन्य मेंदूज्वर झाला. अनेकांना लक्षणे घरी परतल्यावर दिसली, काही जण दगावले. तुमचे असे होईल असे मी म्हणत नाही. बिघडले तर खर्च कुठे होतो, एवढेच दाखवतोय: घरी, स्वतःच्या खिशातून. अशा प्रवासाला निघणाऱ्याजवळ आणखी 100 बाजूला पडून हवेत. तुमच्याजवळ 65 आहेत आणि मुळातच 70 लागणार आहेत.

आता तुमच्या पॉलिसीकडे वळू. तुम्ही ती जोडलीत, पण बहुतेक वाचली नसावी. सांधेरोपणासाठी प्रतीक्षा मुदत, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून ज्या काळात त्याचे पैसे मिळत नाहीत ती, 24 महिने आहे आणि तुमचे 15 पूर्ण झालेत. सांधेदुखी तुम्ही प्रस्तावातच लिहिली होती, ते फार बरे केलेत. 9 महिन्यांनी ही पॉलिसी 60 पर्यंत देऊ शकेल, तीही फक्त देशातल्या रुग्णालयात.

थांबण्यालाही किंमत आहे. रुग्णालयांचे दर इतर वस्तूंपेक्षा वेगाने वाढतात. विल्यम बाउमोल या अर्थतज्ज्ञाने 1960 च्या दशकात त्याचे एक कारण दाखवले होते: यंत्रांमुळे कारखान्यातला कामगार दुप्पट माल काढतो, पगार वाढतात, मग परिचारिकेचाही पगार वाढवावा लागतो, पण ती एका तासात दुप्पट रुग्ण सांभाळू शकत नाही. (बाकीची कारणे इतकी निरागस नसतात.) वर्षाला 10 टक्के वाढ धरली तर 9 महिन्यांनी 100 चे साडेसातने वाढून 107.5 होतील. फिजिओथेरपी आणि रजेचे 7 धरून 114.5, विम्याचे 60 वजा, तुमच्याकडून 54.5. हाताशी 10.5 उरतात आणि निवृत्तीच्या पैशाला हात लागत नाही.

तेव्हा माझे मत: जाऊ नका, थांबा. मात्र थांबणे चालेल की नाही हे मी ठरवू शकत नाही, तुमचे सर्जन ठरवतील. त्यांना नेमके विचारा, 9 महिन्यांत हाड किंवा पायाचा बाक इतका बिघडेल का की ऑपरेशन अवघड होईल? ‘हो’ म्हणाले तर जास्त दुखणारा एकच गुडघा आत्ता इथे करा. कोटेशनवरून तो साधारण 55 ला पडेल, वर फिजिओथेरपी वगैरे 5. उरतील 5, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, हे मलाही दिसतेय. पण दुसरा गुडघा विम्यातून होईल आणि टाके बघणारा डॉक्टर गावातच असेल.

विमा कंपनीला आजच ईमेल करा. मुदत नेमकी कोणत्या तारखेला संपते, आधीपासूनच्या आजाराचे कलम वेगळे लागू होते का, दोन्ही गुडघे एका दाव्यात बसतात का, कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा आहे का. खोलीभाड्याची मर्यादा पान 11 वर आहेच. त्याहून महाग खोली घेतलीत तर फक्त भाडे नाही, डॉक्टरांची फी वगैरे बिलाचा इतर भागही त्या प्रमाणात कापू शकतात. उत्तर लेखी घ्या, फोनवरचे ‘हो मॅडम’ पुढे कुणाला आठवत नाही.

ऑपरेशन कुठेही झाले तरी सांध्याच्या खोक्यावरची स्टिकरे मागून फाईलला लावून घ्या. कंपनी, माप आणि लॉट नंबर त्यावर असतो. वीस वर्षांनी सांधा बदलायची वेळ आली तर सर्जन पहिल्यांदा तेच विचारेल.

एजंटाने मागितलेले 3 परत न मिळणारे आहेत. विमा कंपनीचे उत्तर येईपर्यंत ते भरू नका; ‘जागा जाईल’ म्हणाला तर जाऊ द्या.