चर्चच्या हॉलमधे जा गो, पण कप धुवायला थांब

या वेळचं पत्र इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातून आलंय. लिहिणारी आपल्या शिरोड्याची, नाव देत नाही, नुसतं अ. म्हणूया. पत्रात प्रश्न बरेच आहेत पण मला पहिल्यावरच बोलायचंय, बाकीच्यांना शेवटी दोन-दोन ओळी मिळतील, रागावू नको.

अ. लिहिते, "काकी, इथे आलो तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं. नवरा सकाळी जातो तो काळोख पडल्यावर येतो. मंगळवारी चर्चच्या हॉलमधे लहान मुलांचा ग्रुप असतो तिथे मी मुलांना घेऊन जायला लागले. चहा, बिस्किटं, खेळणी, गाणी. तिथल्याच बायकांनी मला डॉक्टरकडे नाव कसं घालायचं ते दाखवलं. आता थोरला शाळेत लागला, तीही चर्चची शाळा, जवळ तीच होती. आणि आता सासूबाई आल्यात. परवा जेवायच्या आधी त्याने हात जोडून डोळे मिटून इंग्रजीत प्रार्थना म्हटली आणि सासूबाई ताटावरून उठल्या. म्हणाल्या, 'माजो नातू बाटतलो, आत्ताच सांगून ठेवतंय.' डिसेंबरात शाळेत येशूच्या जन्माचं नाटक आहे, त्यात तो मेंढपाळ झालाय. हे म्हणतात कशाला घरात कटकट, जाणंच बंद कर. काकी, बंद करू का? मला इथे दुसरं कोणीच नाही."

बंद नको करू. ते शेवटचं वाक्य तू पत्राच्या टोकाला कोंबलंयस, पण तुझा सगळा प्रश्न त्याच वाक्यात आहे बाय माझे. चार वाजता अंधार पडणाऱ्या गावात दोन पोरांना घेऊन दिवसभर घरात बसणं म्हणजे काय ते मी यॉर्कशायरमधे अनुभवलंय, आणि तुझ्या नवऱ्याला ते कळत नाही कारण त्याला ऑफिसात निदान दहा माणसांशी बोलायला मिळतं. त्याला हे पत्र वाचायला दे. कटकट नको म्हणून बायकोचा एकुलता एक बाहेरचा दरवाजा बंद करायचा, हा कुठला न्याय?

आता सासूबाई. त्यांना हसू नको आणि अडाणी तर अजिबात म्हणू नको. आपल्या दक्षिण कोकणात ही भीती आभाळातून पडलेली नाही. गोव्यात १५६० साली पोर्तुगिजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून शिक्षा देणारं न्यायालय, सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला हलवावे लागले, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. किती घरं रात्रीतून खाडी ओलांडून आपल्या बाजूला आली त्याच्या गोष्टी वेंगुर्ल्या-सावंतवाडीकडे अजून सांगतात, आणि विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट तर माझ्या आजीने मला झोपवताना सांगितलीय. तेव्हा सासूबाईंना आधी म्हण की आई, तुमचं खरं आहे, तसं झालं होतं. हे एक वाक्य ऐकलं की त्या पुढचं ऐकतील. मग सांग की तेव्हा पाद्र्याच्या मागे राजाची तलवार होती. इथल्या व्हिकरच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या पाद्र्याच्या, मागे चहाची किटली आणि गळणाऱ्या छपराची वर्गणी आहे.

आणि त्यांना दुसरं पण आठवण करून दे. वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक हॉस्पिटल कोणाचं, तर मिशनचं. माझ्या दोन्ही मावश्यांची बाळंतपणं तिथे झाली. आजोबांचं दुखणं वाढलं तेव्हा त्यांना घाट चढून मिरजेला वान्लेस डॉक्टरांच्या मिशन हॉस्पिटलात नेलं, आख्खी कोकणपट्टी तिथे जायची. सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची, आजोबा रामरक्षा म्हणत पडून राहायचे, बरे होऊन घरी आले, जानवं होतं तिथेच होतं. सावंतवाडीच्या मिलाग्रिस शाळेत आपल्या किती घरातली मुलं शिकली ते सासूबाईंनाच मोजायला सांग, त्यांच्याच माहेरची निघतील.

धर्म बदलणं ही काय बिस्किट खाऊन होणारी गोष्ट आहे का? नारायण वामन टिळक आपल्या दापोलीकडच्या करजगावचे, वर्षानुवर्षं वाचन विचार करून त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई तर त्यानंतर काही वर्षांनी, स्वतःचं मन झाल्यावर. ती मोठ्या माणसांनी जिवाला लावून घेतलेली गोष्ट होती. पाच वर्षाच्या पोराने डोक्याला किचन टॉवेल बांधून स्टेजवर उभं राहणं हे ते नव्हे. तिकडे सगळे मेंढपाळ डोक्याला तसाच टॉवेल बांधतात, तू निळ्या चौकडीचा दे, छान दिसतो, आणि सासूबाईंना पहिल्या रांगेत बसव. दशावतारात संकासुर झालेला माणूस घरी जाऊन माणूसच असतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

ती जेवणाआधीची प्रार्थना. चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळा तिकडे थोड्याथोडक्या नाहीत, इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी साधारण चौथा हिस्सा त्यांचाच. तिथे रोज सामूहिक प्रार्थना असते आणि आईबापांना नको असेल तर मुलाला त्यातून बाहेर ठेवायचा हक्क कायद्याने दिलाय. हेडटीचरला लेखी कळवलं की झालं, कारण पण द्यावं लागत नाही. पण मला विचारशील तर ठेवू नको, एकट्याला लायब्ररीत बसवतील आणि त्याला वाटेल आपलं काहीतरी चुकलं. त्यापेक्षा घरी "वदनि कवळ घेता" शिकव. आमच्या भाच्याचं हेच झालं, शाळेत ती, घरी ही, आज तो मोठा झालाय, चर्चच्या क्वायरमधे गायचा, आवाज तिथेच तयार झाला, आणि मुंज वेंगुर्ल्यात रामेश्वराच्या देवळात झाली. घरात काहीच म्हणत नसाल तर मात्र शाळेला दोष देऊ नका. रिकाम्या जागेत जे येईल ते बसणारच.

आता मी माझ्या मुद्द्यावर येते, जो मी प्रत्येक पत्रात सांगते आणि मरेपर्यंत सांगणार आहे. पाहुणी म्हणून जाऊ नको, कामाला जा!

आपल्या लोकांची सवय मला माहितीय. हॉलमधे जायचं, चहा घ्यायचा, मुलं खेळवायची, पंधरा मिनिटं आधी "ओके बाय" करून सटकायचं. मग वर्षभराने म्हणायचं की इथले लोक वरवरचे आहेत, कोणी घरी बोलवत नाही. अगो, ते हॉल कोण झाडतं? ती खेळणी कपाटात कोण भरतं? तिथे एक रोटा असतो, दाराजवळच्या बोर्डवर लावलेला, या आठवड्याला चहा कोण, फुलं कोण, खुर्च्या कोण. आपल्या सप्त्याला वाडीवाडीचे पहारे लावतात ना तसंच ते, ज्याचा पहारा असतो तो त्या दिवशी देवळाचा धनी असतो. तुझं नाव त्या बोर्डवर लाव. एकदा सिंकशी उभी राहून कप धुतलेस की शेजारी पुसणारी म्हातारी तुला तिच्या गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं सांगेल, आणि तुझंही विचारेल. मला यॉर्कशायरमधे जी माणसं मिळाली ती सगळी त्या सिंकशी मिळाली, चहाच्या टेबलाशी एकही नाही.

आणि गंमत म्हणजे तिथे मी पहिलं मराठी वाक्य ऐकलं ते पण हॉलमधेच, कॅथलिक चर्चच्या जंबल सेलला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या विक्रीला. "अहो, तो मोठा टोप मला द्या." मी चमकून बघते तर वसईची बाई, नर्स होती. आपल्याला वाटतं मराठी माणूस म्हणजे गणपती मंडळात भेटणारा. वसईचे कॅथलिक पिढ्यानपिढ्या मराठी आहेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते काय उगाच? मालवण-सावंतवाडीकडचे फर्नांडिस-डिसोझा तर आपल्यापेक्षा ठसकेबाज मालवणी बोलतात. अ., तुझ्या जवळ कॅथलिक चर्च असेल तर तिथेही एक चक्कर मार, वसईची नाहीतर मालवणची कोणी भेटली तर सासूबाईंची अर्धी तक्रार तिथेच मिटेल, नाताळात नेवऱ्या-दोदोल खायला मिळतील ते वेगळंच.

काम शोधायला लांब जायला नको. फूडबँक बघ, अडचणीतल्या घरांना फुकट शिधा देतात ती. ट्रसेल नावाच्या संस्थेने पहिली फूडबँक २००० साली सॉल्झबरीत काढली, आज देशभर आहेत आणि त्यातल्या कितीतरी चर्चच्या हॉलमधूनच चालतात. शरद ऋतूत हार्वेस्ट फेस्टिवल असतो, मुलं शाळेत खाण्याचे सीलबंद डबे दान म्हणून नेतात, ते सगळं तिकडेच जातं. सासूबाईंना घेऊन जा की, त्यांना इंग्रजी येत नसलं तरी तांदळाच्या पिशव्या लावायला इंग्रजी कशाला लागतं? माझी आई आमच्याकडे आली होती तेव्हा तिने हेच केलं, तिथल्या बायका अजून तिची चौकशी करतात. धाकटी जाऊ ओहायोत असते, तिचंही तेच. ती तिकडच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या किचनमधे पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, उसळ घेऊन जायची आणि भांडी आवरून यायची, मग तिचं दुसरं बाळंतपण झालं तेव्हा चर्चच्या बायकांनी पाळी लावून घरी जेवण पोचवलं, गुडघाभर बर्फातून. मराठी मंडळ होतं, चांगलं होतं, पण दोन तासांवर.

आता चार गोष्टी स्पष्ट सांगते कारण भिडेपोटी आपले लोक नको तिथे मान डोलावतात.

रविवारच्या प्रार्थनेला कोणी बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, मागे बस. पण सगळे उठून पुढे जातात, पाव आणि वाइन देतात, तिथे प्रसाद समजून हात पुढे करायचा नाही. तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. बसून राहिलीस तरी चालतं, किंवा पुढे जाऊन हात छातीवर आडवे धरायचे, म्हणजे नुसता आशीर्वाद देतात. दानाची थाळी फिरते, त्यात टाकलंच पाहिजे असं नाही.

मेसी चर्च म्हणून एक असतं, २००४ साली पोर्ट्समथजवळ सुरू झालं. मुलांचं हस्तकला, गोष्ट आणि शेवटी सगळ्यांचं जेवण. त्यात बायबलची गोष्ट असणारच, ते लपवत नाहीत. तसंच अल्फा कोर्स, जेवण आणि गप्पा, लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टनमधून पसरलेला. तो ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून द्यायलाच आहे, पोस्टरवर लिहिलेलं असतं. जाणून घ्यायची इच्छा असेल तर जा, नसेल तर "थँक यू, मी माझ्या धर्मात सुखी आहे, पण मंगळवारी नक्की येते" एवढं हसून म्हण. कोणी वाईट मानत नाही. आणि समजा कोणी एकच विषय परत परत काढायला लागलं तर व्हिकरला सरळ सांग, मुलांच्या बाबतीत काही खटकलं तर सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षेच्या, जबाबदार माणसाचं नाव नोटीस बोर्डवर असतं त्याच्याशी बोल. आईबापांनी ठरवल्याशिवाय लहान मुलाचा बाप्तिस्मा होत नाही, सासूबाईंना हे वाक्य दोनदा सांग.

आणि एक रागाने सांगते, अ. तुला नाही, बाकी वाचणाऱ्यांना. गर्दीच्या चर्च शाळेत कधी कधी चर्चला नियमित येणाऱ्यांच्या मुलांना आधी घेतात, मग आपले काही लोक फॉर्मवर व्हिकरची सही मिळेपर्यंत दर रविवारी जातात आणि ॲडमिशन झाली की गायब. असं करू नका हो. त्यांच्या देवळात खोटं उभं राहायचं आणि घरी येऊन मुलाला खरं बोल म्हणायचं?

बाकीचे प्रश्न. थोरला मराठीतून विचारलं की इंग्रजीतून उत्तर देतो, देऊ दे, तू मराठी सोडू नको, आणि सासूबाई आहेत तोवर गजाली सांगायचं काम त्यांच्याकडे दे. सुकट भाजली की शेजारी वासाने नाकं मुरडतात, तर बागेत छोटी शेगडी लाव, घरातल्या फायर अलार्मखाली नको. पुढच्या वर्षी तुम्ही चार घरं मिळून गणपती करताय आणि हाच हॉल हवाय, तर आत्ताच विचार, बुकिंग लवकर भरतं. पूजा आहे हे लपवून "फॅमिली फंक्शन" लिहू नको, काही चर्च आपल्या जागेत दुसरी पूजा करू देत नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे, मग शाळेचा किंवा कौन्सिलचा हॉल बघायचा. मिळालाच तर आरतीचा धूर किती चालेल ते आधी विचारून घे आणि रात्री निघताना खुर्च्या मोजून जागेवर लाव.